नवरीच्या उंटावरची झूल: तुर्कमेन विणकामाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात तुर्कमेन लग्नातल्या जुन्या विणकामावर छोटंसं लिहिलं होतं आणि सोबत एका पाचकोनी अस्मालिकचा, म्हणजे उंटाच्या कुशीवर लटकवायच्या झुलीचा, फोटो छापला होता, त्यावर तुमची एवढी पत्रं आणि मेसेज आले की मनापासून बरं वाटलं, कारण आपल्याकडे हा विषय गालिचेवाल्याच्या दुकानापुढे सहसा जातच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. मागचा अंक ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुर्कमेन म्हणजे कास्पियन समुद्राच्या पूर्वेला, काराकुम वाळवंटाच्या कडेकडेने मेंढ्या आणि उंट घेऊन राहणारे लोक, आज ते तुर्कमेनिस्तानात आहेत, इराणच्या ईशान्य कोपऱ्यात आहेत, उत्तर अफगाणिस्तानात आणि उझबेकिस्तानातही आहेत. तेके, योमुत, सालोर, सारिक, एरसारी, चौदोर या त्यांच्या मोठ्या टोळ्या, आणि सगळं विणकाम बायकांचं.

फोटोतला तो पाचकोनी तुकडा मला आधी भिंतीवर लावायचा वाटला, नंतर वाचलं की उंटावर घालायचा. पाच कोन का? आणि तुम्ही "जोडी" म्हणालात ती कशाची? (ठाण्याहून एक ताई)

ताई, उंटाला दोन बाजू असतात म्हणून जोडी, इतकं साधं आहे ते. नवरी माहेरून सासरी निघाली की तिला उंटावरच्या डोलीत बसवायचे, त्या डोलीला केजेबे म्हणतात, आणि उंटाच्या दोन्ही कुशींवर एकेक अस्मालिक लटकायचं. खाली सरळ कड, दोन बाजू उभ्या, आणि वर दोन तिरक्या कडा येऊन मधे टोक, घराच्या चित्रासारखा आकार. टोक वर उंटाच्या पाठीकडे जातं आणि खालच्या कडेला रंगीत लोकरीचे गोंडे, उंट चालायला लागला की ते सगळे एका लयीत हलतात. साधारण सव्वा मीटर रुंद आणि पाऊण मीटरच्या आसपास उंच, म्हणजे फार मोठी वस्तू नाही, पण एका बाजूचं विणून झालं की तसंच दुसरं पहिल्यापासून विणायचं. समोर कागदावर नक्षी नसायची, सगळं डोक्यात, त्यामुळे जोडीतले दोन तुकडे बारकाईने बघितले तर कुठेतरी एक पान कमी, कुठे रंग बदललेला असं सापडतं आणि मला तर त्यातच सगळ्यात जास्त मजा येते.

उंटाचं नुसत्या अस्मालिकवर भागायचं नाही. गुडघ्यांना वेगळे छोटे विणलेले तुकडे, दुये-दिझलिक, तेही जोडीनेच. खालिक नावाचा एक लहान, खाली जिभा लोंबत असलेला तुकडा असतो, तो उंटाच्या छातीवर बांधत की केजेबेच्या तोंडाशी यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. योमुत लोकांत तंबूच्या छताच्या काठ्यांची मोळी उंटावर लादायची तर काठ्यांच्या टोकांना टोपीसारख्या विणलेल्या पिशव्या घालायचे, त्या ओक-बाश, कारण नवरीबरोबर तिचा तंबूही निघालेला असायचा आणि त्याच्या काठ्यासुद्धा उघड्याबोडक्या दिसता कामा नयेत. शिवाय तिकोनी ताईत, पांढरा-काळा धागा पिळून केलेली आलाजा नावाची दोरी, दागदान नावाच्या झाडाच्या लाकडाचे छोटे ताईत, हे सगळं दृष्ट लागू नये म्हणून. नवरी वाटेत असते तेव्हा ती ना माहेरची ना सासरची, आणि तेव्हाच तिला सगळ्यात जास्त जपायचं अशी समजूत, म्हणून त्या वाटेवरच्या प्रत्येक वस्तूवर एवढा जीव ओतलेला दिसतो.

काही योमुत अस्मालिकांवर वरच्या बाजूला ओळीने उंट विणलेले असतात, पाठीवर केजेबे, म्हणजे वरातीच्या झुलीवर वरातच. कुठे असा तुकडा समोर आला तर पाच मिनिटं त्याच्यासमोरून हलू नका. तेके टोळीचे पक्षी असलेले अस्मालिक तर फारच दुर्मिळ, जाळीच्या प्रत्येक घरात एक छोटा पक्षी, आणि जगभर मिळून मोजकेच उरलेत.

मी विणकर घरातला आहे, येवल्याचा. आमच्याकडे खड्डामाग. तुर्कमेन बायका जमिनीवर खुंट्या ठोकून विणायच्या असं तुम्ही लिहिलंत, मग एवढं बारीक काम निघतं कसं? ताण सारखा राहतो का? आणि गाठ नेमकी कशी मारतात ते जरा नीट सांगा.

दादा, तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देतो, कारण तुम्हाला हे हाताने कळेल.

माग म्हणजे जमिनीवर चार खुंट्या, त्यांना अडकवलेली दोन आडवी लाकडं, आणि त्या दोघांमध्ये ताणलेला ताणा, म्हणजे उभे धागे. ताण कमी झाला की खुंटीजवळ पाचर मारून नाहीतर दोरी आवळून वाढवायचा. उभी चौकट नाही की पाय हलवून चालवायच्या पावड्या नाहीत. ताण्याचे एकाआड एक धागे दोऱ्यांच्या फाशांनी एका काठीला बांधलेले असतात, ती काठी उचलून दगडांवर नाहीतर तिपाईवर टेकवली की धाग्यांमध्ये वाट होते, दुसरी वाट ताण्यात सरकवलेल्या काठीने होते. विणणारी बाई विणून झालेल्या भागावरच बसते आणि काम जसं पुढे जाईल तशी पुढे सरकते. तंबू हलवायचा झाला तर खुंट्या उपटायच्या, अर्धं विणकाम काठ्यांसकट गुंडाळायचं, उंटावर टाकायचं आणि नवीन जागी परत ताणायचं. ताण अगदी पहिल्यासारखा बसेलच असं नाही, म्हणून जुन्या तुकड्यांची एक कड किंचित आत आलेली किंवा मधेच रुंदी बदललेली दिसते आणि त्याला दोष म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

ताणा लोकरीचा, हाताने कातलेला, दोन पदर उलटा पीळ देऊन एकत्र केलेले, बहुतेक पांढरा किंवा नैसर्गिक हलका तपकिरी. तिकडच्या सारिजा मेंढीची लोकर लांब आणि चमकदार असते. बारकाई येते ती इथूनच, सूत जितकं बारीक आणि पिळाचं तितके धागे एका इंचात जास्त बसतात आणि गाठी तेवढ्या लहान होतात. तेके बायकांच्या चांगल्या कामात चौरस इंचाला दोनशेच्या वर गाठी अगदी सहज असतात.

आता गाठ. ताण्याचे दोन शेजारचे धागे घ्या, डावा आणि उजवा. एक पद्धत अशी की रंगीत लोकरीचा धागा दोघांच्या वरून आडवा घ्यायचा, मग दोन्ही टोकं मागे वळवून दोघांच्या मधून पुढे काढायची, म्हणजे दोन्ही धागे सारखेच पकडलेले. ही दोन्हीकडून सारखी गाठ. दुसरी पद्धत म्हणजे एका धाग्याला पूर्ण वेढा द्यायचा आणि दुसऱ्याच्या फक्त मागून न्यायचं, त्यामुळे एक टोक दोघांच्या मधून येतं आणि दुसरं बाजूने मोकळं. ही एका बाजूला उघडी गाठ, आणि ती डावीकडे उघडी की उजवीकडे यावरून टोळी ओळखायला मोठी मदत होते: सालोर बहुतेक डावीकडे, तेके आणि एरसारी उजवीकडे, सारिक बायका मात्र दोन्हीकडून सारखी गाठ मारतात, योमुतांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. गंमत म्हणजे उघडी गाठ मारणाऱ्या तेके बायका अनेकदा दोन्ही कडांच्या काही रांगांत सारखी गाठ घालतात, कारण ती कड घट्ट धरते. तुम्ही स्वतः विणकर आहात म्हणून सांगतो, हे बघून मला नेहमी वाटतं की ज्या बाईने हे ठरवलं तिला कापडाची नस बरोबर सापडली होती.

एक रांग गाठी झाली की बाणा, म्हणजे आडवा धागा, बहुतेक दोन फेरे, आणि मग जड फणीने ठोकायचं, त्या फणीला दाराक म्हणतात. गाठीची टोकं छोट्या सुरीने कापायची आणि मग कात्रीने लव, म्हणजे वर आलेल्या टोकांचा थर, सारखी करायची. जुन्या लग्नाच्या तुकड्यांची लव फार आखूड असते, हात फिरवला तर मखमलीसारखं लागतं आणि तुकडा कापडासारखा दुमडतो, पुठ्ठ्यासारखा ताठ राहत नाही.

आता यातली मला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट, आक-युप. नवीन जोडप्याच्या पांढऱ्या तंबूत आतून जाळीच्या भिंतीभोवती एक लांबच लांब पट्टा फिरवतात, रुंदी फार तर फूट-सव्वा फूट आणि लांबी बारा-पंधरा मीटर, म्हणजे ताणा तेवढा लांब जमिनीवर पसरलेला आणि बाई महिनोन्महिने त्यावरून पुढे सरकत चाललेली. पट्ट्याचं मूळ कापड पांढरं, सपाट, त्यात ताण्याचे धागे इतके जवळजवळ की बाणा दिसतच नाही, आणि त्या सपाट पांढऱ्यावर फक्त नक्षीपुरत्याच लवेच्या गाठी. आणि त्या गाठी सगळ्या ताण्यावर मारलेल्या नसतात, वाट उघडल्यावर वर आलेले जे एकाआड एक धागे असतात त्यांच्यावरच मारतात, खालचे धागे मोकळे राहतात, त्यामुळे पट्टा उलटा केला तर मागे नक्षीचा मागमूस नाही, स्वच्छ पांढरं कापड. पुढे झाडं, शिड्यांसारख्या आकृत्या, कधी उंटांची रांग, आणि मागे काहीच नाही! तुमच्या घरात मागावर बसणाऱ्यांना हे एकदा दाखवा, फोटो मिळाला तर मागची बाजू आधी दाखवा.

मुली हे सगळं लग्नाआधी विणायच्या का? एवढा वेळ कुठून मिळायचा? (कोल्हापूर)

काही आधी, काही नंतर. आई, काकू, बहिणी यांच्या हाताखाली मुलगी लहानपणीच गाठ मारायला शिकायची आणि लग्नाच्या वस्तू हळूहळू जमा व्हायच्या, आपल्याकडच्या रुखवतासारखं, मुलीच्या आणि तिच्या घरच्या बायकांच्या हाताची परीक्षा चारचौघांत व्हायची. पण एक चाल फार लोकांना माहीत नाही. विशेषतः योमुतांमध्ये लग्न होऊन नवरी सासरी थोडे दिवस राहायची आणि मग परत माहेरी यायची, त्याला गायतार्मा म्हणतात. मुलाकडून द्यायचं देज पूर्ण फिटेपर्यंत ती माहेरी, कधी वर्ष, कधी दोन-तीन वर्षंसुद्धा. त्या काळात ती विणत बसायची: कपडे भरायच्या मोठ्या पिशव्या म्हणजे चुवाल, त्याही जोडीने, छोट्या पिशव्या तोरबा आणि मफराश, दारावरची कापुनुक जी तंबूच्या दाराला आतून तोरणासारखी तीन बाजूंनी लावतात, असं पुढच्या संसाराला लागणारं सगळं. लग्न झालेली पण सासरी न गेलेली मुलगी, तिच्या मनात काय चालत असेल आणि ते त्या गाठींत कुठे उतरलं असेल असं माझ्या मनात येतंच.

लाल एवढा का? आणि तो रंग कशाचा? कुणीतरी मला सांगितलं की त्यातला काही रंग भारतातून जायचा, खरं आहे का? (सोलापूर, रंगाऱ्याच्या घरातून)

खरं आहे. लाल मुख्यतः मंजिष्ठेच्या कुळातल्या झुडपाच्या मुळांचा, ते झुडूप तिकडेच लावायचे, लोकर आधी तुरटीत उकळायची आणि मग मुळांच्या पाण्यात. पाणी किती तापवलं, किती वेळ ठेवलं, कोणत्या विहिरीचं पाणी, यावर तोच रंग विटकरीपासून जवळजवळ जांभळट तपकिरीपर्यंत जातो, आणि म्हणून तुर्कमेन "लाल" हा एक रंग नसून आख्खी रांग आहे. पिवळ्यासाठी इस्परक नावाचं पिवळ्या फुलांचं रानझुडूप, डाळिंबाची सालं. काळपट तपकिरीसाठी लोखंड आणि तुरट सालं, ते लोकर हळूहळू खाऊन टाकतं, त्यामुळे जुन्या तुकड्यांत तपकिरी रेषा खोल गेलेली आणि बाकीची नक्षी उठून आलेली दिसते. दुकानदार कधी कधी त्याला मुद्दाम केलेलं कोरीवकाम म्हणून सांगतात, ते खरं नाही, ती लोखंडाची करणी.

भारताचा भाग म्हणजे नीळ आणि लाख. १९व्या शतकात मध्य आशियातल्या बुखारा शहराला जाणाऱ्या हिंदुस्तानी मालात नीळ मोठी होती, मुलतान आणि शिकारपूरच्या व्यापाऱ्यांमार्फत ती अफगाणिस्तानातून वर जायची, आणि तुर्कमेन गालिच्यांतला खोल निळा आणि निळ्यावर पिवळा चढवून केलेला हिरवा त्यातूनच. लाखेचा लाल रंग काही जुन्या सालोर आणि इतर बारीक कामात तपासणीत सापडलेला आहे, बरेचदा रेशमात, म्हणजे नक्षीच्या मधल्या छोट्या गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांत. नंतर अमेरिकेतल्या किड्यापासून होणारा कोचिनियलही आला. हे महागडे रंग आणि नीळ बहुतेक गावातल्या रंगाऱ्यांकडून रंगवून आणायचे. एका नवरीच्या उंटावरच्या झुलीत आपल्याकडच्या जंगलातली लाख असावी ही गोष्ट मला नकाशापेक्षा जास्त काही सांगते.

रासायनिक रंग मग रेल्वेमागोमाग आले. रशियाने १८८० मध्ये कास्पियनच्या किनाऱ्यावरून रूळ टाकायला घेतले, १८८१च्या जानेवारीत तेके लोकांचा ग्योकतेपेचा किल्ला पडला आणि तेके लोकांची भयानक कत्तल झाली, १८८४ मध्ये मेर्व हे त्यांचं दुसरं मोठं ठाणं रशियाकडे गेलं, १८८८ मध्ये गाडी समरकंदला पोचली. त्या दहा वर्षांत विणकामाचं गिऱ्हाईक बदललं. ज्या वस्तू मुलगी स्वतःच्या लग्नासाठी करायची त्या विकण्यासाठी होऊ लागल्या, आणि संकटात सापडलेल्या घरांनी जुन्याही विकल्या. आज युरोप-अमेरिकेतल्या संग्रहांत जे आहे त्यातलं बरंच याच काळात बाहेर पडलं, हे विसरून त्या वस्तूंकडे बघू नये असं मला वाटतं.

आमच्या काकांनी खूप वर्षांपूर्वी एक "बोखारा" घेतला होता, लाल, अष्टकोनी फुलं ओळीने. दुकानदार म्हणाला होता तुर्कमेन नवरीचा आहे. कसं ओळखायचं? (पुणे)

आधी उलटा करा. तुर्कमेन तुकडा ओळखायची सुरुवात मागूनच होते. दशा बघा, म्हणजे टोकाला सुटलेले ताण्याचे धागे. त्या पांढऱ्या शुभ्र, गुळगुळीत सुती असतील तर हा जुना टोळीतला तुकडा असण्याची शक्यता जवळपास संपली, कारण त्यांचा ताणा लोकरीचा असायचा. लाहोर-कराचीत आणि आपल्याकडे भदोहीच्या पट्ट्यात तेके टोळीची अष्टकोनी नक्षी, जिला गुल म्हणतात, ती घेऊन विसाव्या शतकात भरपूर गालिचे झाले, त्यांना बोखारा हे नाव पडलं कारण जुना तुर्कमेन माल बुखाऱ्याच्या बाजारातून यायचा. त्यातले कित्येक सुंदर आहेत, वापरायला तर फारच छान, लोकर मऊ, पण त्यांचा नवरीशी संबंध नाही. काकांनी फसवलं गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका, चांगला गालिचा असेल तर तो चांगलाच आहे.

दुसरं, आकार. जमिनीवर अंथरायचा मोठा गालिचा हा लग्नातला खास तुकडा नसतो. लग्नाचं म्हणून काही असेल तर पाचकोनी, जोडीतलं, पट्टा, गुडघ्याचं, टोपीसारखं, असं काहीतरी विशिष्ट कामाचं. चौकोनी मध्यम तुकडा समोर आला तर तो बहुतेक चुवालचं किंवा तोरबाचं तोंड, मागची साधी सपाट पिशवी कापून टाकलेली. ही कापाकापी व्यापाऱ्यांनी खूप केली, कारण भिंतीला सपाट तुकडा बरा दिसतो, आणि जोड्याही अशाच फोडल्या, एक इकडे विकला एक तिकडे. मला याचा राग येतो आणि तो येणारच.

तिसरं, रंग. लव बाजूला करून मुळाशी बघा. वर करडा-फिकट आणि मुळाशी भडक जांभळट गुलाबी असेल तर सुरुवातीचा रासायनिक रंग, उजेडाने उडालेला. ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यात हलकेच दाबून बघा, लाल उतरला तर तेही तेच सांगतं, पण हे फडक्याचं काम खरोखर जुन्या वाटणाऱ्या तुकड्यावर करू नका, जाणकाराला दाखवा. आणि रासायनिक रंग म्हणजे टाकाऊ असंही नाही, १८९० च्या आसपासच्या नवरीला तो नवा झगमगीत लाल आवडला असेल तर तो तिचा हक्क होता.

म्युझियममध्ये एक काळपट निळा कोट बघितला, त्याच्या बाह्या पाठीमागे लांब लोंबत होत्या आणि हातच घालता येणार नाहीत अशा. हे काय? (नागपूर)

ती चिरपी, तेके बायकांची. ती अंगात घालत नाहीत, डोक्यावरून घेतात, बाह्या खोट्या, पाठीमागे टोकाशी एकमेकींना जोडलेल्या. गर्द निळी किंवा काळपट हिरवी तरुण बायकांची, पिवळी मध्यम वयाच्या बायकांची आणि पांढरी वयस्कर, मान असलेल्या बायकांची, म्हणजे लांबून बघूनही कळायचं कोण येतंय ते. मूळ कापड रेशमाचं, त्यावर रेशमाच्याच दोऱ्याने भरतकाम, ट्यूलिपसारखी फुलं दाटीवाटीने, टाका म्हणजे साखळीटाक्याचा एक गुंतवलेला प्रकार, ज्यात प्रत्येक कडी मागच्या कडीत अडकते आणि रेषा वेणीसारखी उठून येते. तिकडे त्याला कोजुमे म्हणतात. कधी आत डोकावायला मिळालं तर अस्तर नक्की बघा, बहुतेक रशियन छापील सुती कापड, मोठमोठी लाल फुलं, बाहेरच्या कामाशी काही देणंघेणं नसलेलं आणि तरी जवळ घेतल्यासारखं वाटणारं.

लग्नाचा पोशाख मात्र केतेनी नावाच्या घरी विणलेल्या अरुंद लाल रेशमी कापडाचा, आणि त्यावर चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले, लाल अकीक बसवलेले दागिने, इतके जड की नवरी हलली की आवाज व्हायचा. तुर्कमेन सुईकामाला, म्हणजे चिरपीवर असतं तशा भरतकामाला, २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

हे सगळं जमवलं कुणी? आणि बघायचं असेल तर कुठे? (मुंबई, कॉलेजमधून)

१९००–०२ च्या सुमारास सॅम्युएल दुदिन नावाचा चित्रकार-छायाचित्रकार मध्य आशियात फिरला, त्याने जमवलेलं आज सेंट पीटर्सबर्गच्या रशियन एथ्नोग्राफी म्युझियममध्ये आहे, आणि त्याचे फोटो म्हणजे या वस्तू खऱ्या वापरात कशा होत्या याचा मोठा आधार. जनरल बोगोल्युबोव्ह कास्पियनपलीकडच्या तुर्कमेन भागाचा रशियन गव्हर्नर होता, त्याने आपल्या संग्रहाचा रंगीत अल्बम १९०८–०९ मध्ये छापला. नंतर सोव्हिएत काळात व्हॅलेंतिना मोश्कोवा या संशोधक बाईने टोळ्यांमध्ये प्रत्यक्ष फिरून नक्ष्यांची नावं आणि उपयोग विणणाऱ्या बायकांकडूनच लिहून घेतले, तिचं काम तिच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये ताश्कंदला छापलं गेलं. मला तिघांत मोश्कोवाबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे, कारण तिने बायकांना विचारलं.

बघायला अश्गाबातचं गालिचा संग्रहालय आहेच, वॉशिंग्टनचं टेक्स्टाइल म्युझियम, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. बऱ्याच संग्रहालयांनी फोटो वेबसाइटवर टाकलेत, पण मागच्या बाजूचे फोटो फार थोड्यांनी, त्यांना ईमेल करून मागा, विद्यार्थ्यांना अनेकदा देतात.

अजून कुणी विणतं का? तिकडे जाऊन जुना तुकडा विकत आणता येईल का? (दुबईहून एक वाचक)

विणतात. तुर्कमेनिस्तानच्या १९९२ च्या झेंड्यावर पाच टोळ्यांची पाच गुल आहेत, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे गालिचा दिवस असतो, २०१९ मध्ये त्यांची गालिचा कला युनेस्कोच्या यादीत आली. पण लग्नाचे उंट आता बहुतेक सांस्कृतिक कार्यक्रमांत, वरात मोटारीतून, त्यामुळे अस्मालिक गरजेपोटी विणणारी मुलगी आज सहसा सापडायची नाही.

आणायचं म्हणाल तर तिथून कुठलाही गालिचा बाहेर काढायला तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र लागतं आणि ऐतिहासिक मोलाचा जुना तुकडा बाहेर नेऊ देत नाहीत. ते बरोबरच आहे. कुणी "कागद नाहीत पण काही होत नाही" म्हणालं तर तिथूनच माघारी फिरा. दुबईत किंवा युरोपात आधीपासून बाहेर असलेले तुकडे मिळतात, तिथे आधी कुणाकडे होता हे लेखी मागा, आणि विक्रेत्याकडे जोडीतला दुसरा असेल तर दोन्ही घ्या नाहीतर दोन्ही सोडा, एकच उचलू नका ही माझी कळकळीची विनंती.

माझ्या सासूबाईंना त्यांच्या वडिलांकडून, जे नोकरीनिमित्त इराणमध्ये होते, एक छोटा लोकरीचा तुकडा आणि एक पट्टा मिळालाय. आम्ही रत्नागिरीला राहतो, पावसाळ्यात वास येतो आणि बारीक भोकं दिसतायत. ड्रायक्लीनला देऊ का? (रत्नागिरी)

काकू, देऊ नका! घरी धुवूही नका. भोकं कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळीची, आणि ती अंधारात दुमडून ठेवलेल्या जागीच वाढते. आधी तुकडा उजेडात पसरा, दोन्ही बाजूंनी बघा, कुठे रेतीसारखे दाणे किंवा पांढरी जाळी दिसली तर ते ठिकाण लक्षात ठेवा. व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला पातळ नेटचं कापड बांधून अगदी कमी ओढीवर दोन्ही बाजू साफ करा, गोंडे असतील तर त्यांना हात न लावता. मग तुकडा धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करून, डीप फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशाला निदान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर बाहेरचं पाणी लोकरीवर बसेल.

पट्टा दुमडू नका. पुठ्ठ्याच्या नळीवर आधी मलमल गुंडाळा आणि मग पट्टा लवेची बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळा. डांबराच्या गोळ्या लोकरीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात कोरड्या दिवशी एकदा बाहेर काढून वारा द्या, ऊन नको. भिंतीवर लावायचं मनात असेल तर खिळे अजिबात नकोत, सुती पट्टी मागे मोठ्या टाक्यांनी शिवून तिला वेल्क्रो लावा, टाके दोन गाठींच्या मधून काढा, धाग्यातून नको, आणि खिडकीसमोरची भिंत टाळा.

आणि सासूबाईंना विचारा की त्यांच्या वडिलांनी तो इराणमध्ये नेमका कुठे घेतला, गोंबदच्या बाजूला, म्हणजे तिकडच्या तुर्कमेन भागात, की तेहरानच्या बाजारात, गावाचं नाव आठवलं तर कागदावर लिहून तुकड्यासोबत ठेवा. पट्ट्याच्या मागच्या बाजूचा एक फोटो मला पाठवा, मागे पांढरा स्वच्छ आहे की नक्षी दिसते ते बघून पुढच्या अंकात सांगतो.